प्रवासास उत्तम दिवस

चिनी पंचांगाप्रमाणे घोड्याच्या वर्षातील आठव्या चांद्रमासाच्या तृतीयेस, सकाळी नऊ वाजता, हाँगकाँगच्या उत्तर भागातील वो हॉप शेक येथील सार्वजनिक दफनभूमीत, श्रीयुत मोक वाय-लुन, वय अठ्ठेचाळीस, पूर्वाश्रमीचे विमा-दावे अधिकारी, सांप्रत मुक्काम इंग्लंडातील वॉरिंग्टन, हे हातात मिटलेली काळी छत्री घेऊन मुसळधार पावसात उभे होते. छत्री मिटलेली का होती याचा खुलासा आरंभीच केलेला बरा; अन्यथा त्यांच्या बुद्धीविषयी वाचकाचा असा ग्रह व्हायचा, की जो पुढे त्यांनी स्वकर्तृत्वाने खरा करून दाखवला असला, तरी त्या घटकेपर्यंत खरा ठरलेला नव्हता.

छत्री वडिलांसाठी होती. वडील सहा वर्षांपूर्वी वारले आणि त्याच उतारावर त्यांना जागा मिळाली. परंतु त्या भूमीत मृतांनाही मुदत असते. सहा वर्षे झाली की सरकारची नोटीस येते, अस्थी उकरून दहन कराव्या लागतात, आणि रिकामा खड्डा पुढच्या उमेदवाराला मिळतो. अस्थी वर येताना त्यांना उजेड लागू नये म्हणून थोरल्या मुलाने त्यांच्यावर काळी छत्री धरायची असते. ती कोरी असावी, याविषयी मोकसाहेबांच्या थोरल्या बहिणीचे मत ठाम होते.

"उघडू नकोस हं, वाय-लुन! ती बाबांची आहे."

"ताई, मी नखशिखांत भिजलोय."

"भीज. बाबा सहा वर्षं मातीत आहेत, त्यांनी कधी तक्रार केली?"

वडिलांनी हयातीत तक्रारीवाचून एकही जेवण संपवलेले नव्हते. पण त्या मुद्द्याचा ऊहापोह होण्यापूर्वीच काळ्या पावसाचा, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या अतिवृष्टीचा, इशारा जाहीर झाला. उकरणाऱ्यांच्या मुकादमाने उताराकडे पाहिले, चिखलाकडे पाहिले, कुदळी गोळा केल्या आणि आज काही व्हायचे नाही असे सांगून तो चहा प्यायला निघून गेला.

मोकसाहेबांना त्या क्षणी जी चिंता लागली ती भिजण्याची नव्हती. ती दिवसांची होती.

इंग्लंडात कायमचे वास्तव्य मिळायला पाच वर्षे तेथे राहावे लागते. राहावे लागते याचा अर्थ असा, की कोणत्याही बारा महिन्यांत एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळ माणूस देशाबाहेर असता कामा नये. ती पाच वर्षे येत्या हिवाळ्यात भरणार होती आणि मोकसाहेब, त्यांच्या पत्नी पुई-यिन आणि शाळकरी मुलगी असे तिघांचे अर्ज एकत्र जायचे होते. परंतु त्याच बारा महिन्यांत आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि तिच्या उशाशी साहेबांचे साडेपाच महिने गेले. त्यातून जे उरले त्यात वडिलांना हलवायचे होते, आणि तेही महिनाअखेरच्या आत. नाहीतर सरकार स्वतः उकरून त्यांना नकोशा अनोळखी मंडळींत मिसळून टाकणार होते. साहेबांनी हिशेब मांडला, परतीचे तिकीट काढले आणि सहा दिवसांची शिल्लक राखली. शिल्लक संपली तर मागची पाच वर्षे पुसली जातील, बायको आणि मुलगी स्थायिक होतील, आणि आपण एकटे पुन्हा पहिल्या दिवसावर जाऊन उभे राहू, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"मग काय, राहा आमच्याकडे पाहुणे म्हणून," पुई-यिन फोनवर म्हणाली होती. ती थट्टा होती. साहेबांनी त्या बोलण्यातली थट्टा वगळून उरलेला भाग ऐकला.

येथे साहेबांच्या भीतीचे मूळ उलगडणे क्रमप्राप्त आहे. सामान्य माणूस नियमाला भितो तो नियम ठाऊक नसल्यामुळे. मोकसाहेब भीत होते ते नियमाच्या पलीकडे बसलेला माणूस ठाऊक असल्यामुळे. वीस वर्षे त्यांनी एका विमा कंपनीत प्रवासातील विलंबाचे दावे तपासले, म्हणजे फेटाळले होते. विमान चुकलेले नवपरिणीत, सामान हरवलेले वृद्ध, वादळात अडकलेली अखंड गायनमंडळी, सर्वांना त्यांनी संयत आणि निर्दोष भाषेत नकार कळवला होता. विलंब ही घटना नसून प्रवाशाच्या निर्णयांचा परिणाम असतो, हा त्यांचा सिद्धांत कचेरीत नवशिक्यांना पाठ करावा लागे. इंग्लंडच्या गृहखात्यात आपला कागद कोणापुढे जाणार, त्याचा चेहरा कसा असेल, याचा त्यांना संशय नव्हता. तो चेहरा ते रोज सकाळी दाढी करताना पाहत असत.

"उद्या उकरू," साहेब घरी आल्यावर म्हणाले.

ताईने पंचांग उघडले. हा ग्रंथ तिच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर असे आणि त्याचा शब्द त्या घरात अखेरचा असे. "उद्या नाही. उद्याचा दिवस घोड्याच्या मुळावर आहे. तू घोड्याच्या वर्षी जन्मलेला. त्यात वर्ष घोड्याचं. वर्षाचा देव आधीच तुझ्यावर डोळे वटारून बसलाय."

"मी इंग्लंडात राहतो, ताई. तिथे त्याला अधिकार नाही."

"उकरायचं इथे आहे ना? कुदळ पायावर पडली म्हणजे इंग्लंड येणार आहे मलमपट्टीला?"

आई वेताच्या खुर्चीतून म्हणाली, "तीन दिवसांनी करा. एवढी घाई कसली मेली? विमानं काय, रोज असतात."

"आई, विमानं रोज असतात. दिवस रोज नसतात."

"हे बघ, इंग्लंडला गेल्यापासून हा असंच काहीतरी बोलतो," आई ताईला म्हणाली. तीन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. खड्डा खोल होऊ लागला तशी साहेबांना नवीच भीती सुचली. कधी कधी सहा वर्षांनी झाकण उघडावे तर आतल्या माणसाच्या पुरत्या अस्थी झालेल्या नसतात. मग पुन्हा माती लोटून काही महिने थांबावे लागते. वडील जन्मभर कुठेही वेळेवर निघालेले नव्हते. लग्नाच्या मेजवान्यांना ते पोचत तेव्हा फळे वाढलेली असत. या माणसावर आपल्या वास्तव्याचा भार टाकून आपण छत्री धरून उभे आहोत, या विचारात साहेब असे गढले की छत्री कलली आणि तिची सावली खड्ड्याबाहेर गेली.

"नीट धर! बाबांना ऊन लागतंय!" ताई ओरडली.

मुकादमाने आत वाकून पाहिले. "तयार आहेत," तो म्हणाला.

"नक्की?" साहेबांनी विचारले.

"म्हणजे काय, तुम्ही बघता का?"

साहेबांनी पाहिले नाही. त्यांनी डोळे मिटून वडिलांचे मनोमन आभार मानले, आणि ते आभार बहुधा त्या दोघांमधले पहिलेच होते. दहन झाले. अस्थिकलशासाठी सरकारी कोनाडाही मिळाला. तो किती काळासाठी, हे विचारण्याची खोड साहेबांना नडली.

"वीस वर्षं," ताई म्हणाली. "मग मुदत वाढवून घ्यायची."

"म्हणजे कायमचा नाही?"

"वीस वर्षांसाठी कायमचा. तुझ्यापेक्षा बरंच आहे की त्यांचं."

आता शिल्लक तीन दिवसांची होती आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा होती. कथेने येथेच संपावे, असे साहेबांचे हितचिंतक म्हणतील. तसे ते झाले नाही, आणि त्याचा दोष ना ताईकडे जातो ना आईकडे. जेवण झाल्यावर, भांडी पुसता पुसता, कोणीही विचारले नसताना, हा विमा-व्यवसायात पिकलेला, अंधश्रद्धेवर दोन व्याख्याने दिलेला गृहस्थ हळूच म्हणाला, "सहज विचारतो. उद्याचं काय लिहिलंय त्यात?"

ताईने पान उलटले. "प्रवास वर्ज्य."

"वर्ज्य म्हणजे अगदीच?"

"वर्ज्य म्हणजे वर्ज्य. पण थांब. त्यानंतर दोन दिवसांनी बघ काय आहे! प्रवासास उत्तम. स्थलांतरास उत्तम. नव्या घरात प्रवेशास उत्तम. हे तुझ्यासाठीच छापलंय रे!"

मोकसाहेब हसले. मग खोलीत गेले, दार लावून घेतले आणि दोन दिवसांनंतरचे तिकीट काढले. एक दिवस तरीही उरत होता. ज्याच्यामागे एक सरकार लागले आहे त्याने पंचांगातल्या दुसऱ्या सरकारशी वैर का घ्यावे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि त्या युक्तिवादात त्यांना त्या वेळी दोष सापडला नाही.

वर्ज्य दिवशी निघालेले विमान मँचेस्टरला वेळेआधी उतरले. उत्तम दिवशी पहाटे दहा क्रमांकाच्या, म्हणजे सर्वांत भीषण, वादळाचा इशारा लागला.

विमानतळावरचा फलक आधी पिवळा झाला, मग लाल, आणि मग त्यावर 'रद्द' हा एकच शब्द वरपासून खालपर्यंत उमटला. साहेब शेवटच्या मेट्रोने कसेबसे पोचले होते. परत जायला गाडी नव्हती. मकावला बोटीने जाऊन तेथून उडावे, तर बोटी बंद. शेन्झेनला जावे, तर वादळ तिकडेच चालले होते. काचेच्या भिंतींपलीकडे वारा पाण्याचे पडदे फाडत होता आणि साहेबांच्या पायांखालची फरशी बारीक थरथरत होती. त्यांना वाटले, ती फरशी नाही, ती आपली पाच वर्षे आहेत.

शेजारच्या सूटकेसवर नॉटिंगहमला निघालेल्या लुकमावशी बसल्या होत्या. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, आणि जवळच्या डब्यात पौर्णिमेच्या सणासाठी घेतलेले चंद्रकेक. त्यांनी साहेबांना पाहिले आणि डबा उघडला.

"खा हो. इतकं तोंड पाडायला काय झालं? कुणी गेलं का?"

"वडील."

"अरेरे! कधी?"

"सहा वर्षांपूर्वी."

मावशींनी केकचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला.

सगळी हकीकत ऐकल्यावर मात्र त्या खुलल्या. त्यांच्या वहिनीच्या भाच्याला मर्यादेहून तीन तास जास्त झाले म्हणून नाकारले होते म्हणे. तीन तास! आणि तो बिचारा बर्फात अडकला होता. साहेबांनी वॉरिंग्टनमधल्या हाँगकाँगकरांच्या फोनवरील मंडळात प्रश्न टाकला. एकाने लिहिले की गृहखाते सगळे माफ करते. दुसऱ्याने लिहिले की गृहखात्याने त्याच्या दातांच्या डॉक्टरला माफ केले नाही. तिसऱ्याने, हा कोणाचा कोण देव जाणे, फक्त रडणारा चेहरा पाठवला. वॉरिंग्टनच्या घराशेजारच्या मिसेस एन्ट्विसल पुई-यिनच्या फोनवरून बोलल्या. "हे बघ बाळा, आमच्या केनला नको तिथे गाडी लावल्याबद्दल दंड झाला होता. त्याने एक छान पत्र लिहिलं, त्यात मांजर आजारी होतं असं लिहिलं. सोडून दिलं त्यांनी. तुमच्याकडे मांजर आहे का?"

"नाही."

"मग वडिलांचं लिही," मिसेस एन्ट्विसल उदारपणे म्हणाल्या.

साहेबांना एवढे कळले की पुरावा पाहिजे. वादळ शमल्यावर ते विमान कंपनीच्या खिडकीपुढच्या रांगेत लागले. रांग दोन वेळा संपली आणि तिसऱ्यांदा पुढे सरकली. खिडकीतल्या मुलीने विलंबाचा दाखला छापून दिला. त्यावर लिहिले होते: 'व्यवस्थापकीय कारणास्तव.'

साहेबांनी ते पुन्हा वाचले. या दोन शब्दांवर त्यांनी स्वतः असंख्य माणसांना परत पाठवले होते. व्यवस्थापकीय कारण म्हणजे वादळ नव्हे. वादळ नाही म्हणजे आपत्ती नाही. आपत्ती नाही म्हणजे दया नाही.

"बाई, यावर वादळ लिहा."

"सर, वादळ काल संपलं. आज विमान नाही म्हणून व्यवस्थापकीय."

"आज विमान का नाही?"

"काल वादळ होतं म्हणून."

"मग तेच लिहा!"

"सर, संगणकात तीनच कारणं आहेत. विम्यासाठी हवंय का तुम्हाला? काही उपयोग नाही. विम्यावाले काहीही दिलं तरी पैसे देत नाहीत. फार हलकट असतात."

मोकसाहेबांनी दाखल्याची घडी केली, खिशात घातली आणि त्या मुलीला वाकून नमस्कार केला. आयुष्यात त्यांना इतके अचूक विधान कोणी तोंडावर ऐकवले नव्हते.

अडकलेल्या प्रवाशांची गर्दी उपसली जाऊन त्यांना जागा मिळाली ती पाचव्या दिवशी. शिल्लक एक दिवस होती. ती जाऊन वर चार दिवस चढले होते. विमानात त्यांनी काही खाल्ले नाही. लुकमावशींनी उतरण्यापूर्वी दिलेला केक त्यांनी हातरुमालात बांधून ठेवला, जणू पुढे तुरुंग आहे. मँचेस्टरला पासपोर्टच्या खिडकीपुढे उभे राहताच ते स्वतःहून म्हणाले, "मी चार दिवस उशिरा आलो आहे."

आतल्या तरुणाने पासपोर्ट पाहिला. "कुठल्या चार दिवसांनी?"

"ते सविस्तर सांगावं लागेल. वडिलांच्या अस्थींपासून."

तरुणाने मागच्या रांगेकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, रुमालातल्या गाठोड्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. "त्यात काय आहे?"

"केक."

"जा," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी वॉरिंग्टनच्या चर्चच्या सभागृहात मिस सीतो बसत. बाई हाँगकाँगच्याच, वयाने साठीच्या, आणि परवाना घेऊन असल्या प्रकरणांत फुकट सल्ला देत. टेबलावर थर्मास, गळ्यात दोरीचा चष्मा, पुढे खुर्च्यांची रांग. पुई-यिन नवऱ्याला घेऊन आली ती अक्षरशः बाहीला धरून. कारण आपल्या केसचा निकाल एकट्याने ऐकण्याचे धैर्य साहेबांत उरलेले नव्हते.

साहेबांनी उभे राहून निवेदन केले. ते सुसंबद्ध होते, कालानुक्रमाने होते, आणि त्याचा निष्कर्ष स्वतःच्या विरुद्ध होता. मिस सीतोंनी चहा ओतून घेतला.

"निघालात तो दिवस धरलाय बाहेरचा?"

"अर्थात."

"का?"

"कारण त्या दिवशी मी निघालो. प्रत्येक विमापत्रात प्रस्थानाचा दिवस हा पहिला दिवस—"

"त्या दिवशी सकाळचा चहा कुठे घेतलात?"

"वॉरिंग्टनला."

"मग तो दिवस वॉरिंग्टनचा. आणि उतरलात त्या रात्री झोपलात कुठे?"

"घरी. म्हणजे पडून होतो. झोप—"

"तोही इथलाच. पूर्ण दिवस बाहेर गेला तरच तो बाहेरचा. आईच्या वेळचे दोन, वडिलांच्या वेळचे दोन. तुमचे चार दिवस तुम्हीच खाल्लेत, मोकसाहेब. राहिले एकशे ऐंशी."

"म्हणजे मर्यादा संपली!"

"म्हणजे मर्यादेत. त्याहून जास्त नको, एवढंच लिहिलंय."

पुई-यिनने सुटकेचा जो श्वास सोडला त्याने टेबलावरचे कागद हलले. कोणीही दुसरा माणूस येथे आभार मानून उठला असता. मोकसाहेब उठले नाहीत. भीती इतके दिवस त्यांच्यात मुक्कामाला होती, तिला एकाएकी निघवेना. आणि वीस वर्षांचा अभ्यास काही वाया जाऊ देण्याजोगा नव्हता.

"पण मोजणीत त्यांचं मत वेगळं पडलं तर? मग वादळाचा आधार घ्यावा लागेल."

"घ्या की. वादळासारख्या आपत्तीचा ते विचार करतात."

"करू नये."

"काय?"

"करता कामा नये! विलंबाचं मूळ कारण वादळ नाहीच. दोन दिवस आधी विमान होतं, जागा होती. मी गेलो नाही, कारण पंचांगात प्रवास वर्ज्य होता. निर्णय प्रवाशाचा. शिवाय दाखल्यावर व्यवस्थापकीय कारण आहे. मी त्या खुर्चीत असतो, तर हा दावा पहिल्या पानावर फेटाळला असता!"

"गप्प बसा हो," पुई-यिन दातांतून म्हणाली. "जिंकताय तुम्ही!"

"अगं, पण अधिकाऱ्याने विचारलं तर? पंचांगाचं विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे पंचांगाचं?" मिस सीतो म्हणाल्या.

"मी विचारलं असतं."

मिस सीतोंनी चष्मा काढला. "तुम्ही त्या खुर्चीत नाही, मोकसाहेब. म्हणून तर माणसं या देशात राहू शकतात."

मागच्या रांगेतून कोणीतरी फुसकन हसले. साहेब खाली बसले. मग, अगदी वेगळ्या आवाजात, ते म्हणाले, "बहिणीने वडिलांना कोनाड्यात ठेवायचा दिवस काढलाय. पुढच्या महिन्यात. थोरला मुलगा लागतो."

"अर्ज मंजूर होईपर्यंत पाऊल बाहेर टाकायचं नाही. बहिणीला सांगा, कलश ती ठेवेल. तुम्ही वसंतात जाऊन नमस्कार करा." त्यांनी थर्मासचे झाकण लावले. "त्यांना वीस वर्षं आहेत ना? ते थांबतील."

"आणि मी?" साहेबांनी विचारले. "मी राहू शकतो?"

मिस सीतोंनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, आकड्याखाली रेघ मारली आणि तो त्यांच्याकडे सरकवला.

"काठावर पास," त्या म्हणाल्या. "पुढचे कोण?"